कमरेला तलवार लावलेली मुलगी

सोलापूरचा किल्ला दोन लग्नांच्या हुंड्यात होता. 1524 मध्ये विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा किल्ला द्यायची बोली झाली आणि तो दिलाच नाही. त्या न दिलेल्या हुंड्यापायी दोन दरबार पुढची कितीतरी वर्षं एकमेकांच्या उरावर बसले. मग बुऱ्हाणची नात चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि या खेपेला किल्ला नवरीबरोबर खरोखरच सासरी गेला. तालिकोटच्या लढाईच्या थोडं आधीची ही सोयरीक. याद्या झाल्या तेव्हा मुलगी आणि किल्ला एकाच कागदावर असणार. पुढे 1595 च्या अखेरीस मुघलांनी नगरला वेढा घातला, सुरुंगाने तट उडवला, तेव्हा तीच मुलगी चिलखत चढवून, तोंडावर पडदा घेऊन, नागवी तलवार हातात धरून खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला, असं इतिहासकार सांगतात.

मी माढ्याची. हातात शस्त्र धरलेली बाई आमच्याकडे कुणाला नवी नाही. गावात रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आहे आणि माढेश्वरीचं देऊळ आहे. नवरात्रात गाव तिच्या पायाशी असतं. तुळजापूरची भवानी एका दिवसाच्या वाटेवर आहे. शाळेच्या भिंतीवर झाशीची राणी असायची, घोडा दोन पायांवर, पाठीशी बांधलेलं मूल. कुर्डुवाडी जंक्शनवरून वडील कधीमधी चित्रकथा आणत, त्यांतही तलवारवाल्या राण्या होत्या. म्हणजे मुलीने तलवार हातात घ्यावी की नाही, हा आमच्याकडे प्रश्नच नव्हता. ती कुणासाठी घ्यावी, एवढंच ठरलेलं होतं. ते ठरलेलं आहे, हे माझ्या ध्यानात यायला एक जपानी चित्रकथा भेटावी लागली.

भेटवली भाचीने. ती नववीत आहे, आणि तिच्या पिढीला जपान जितका जवळचा आहे तितकं आम्हाला पुणंही नव्हतं. आमच्या पिढीतल्या मराठी वाचकाचा जपान म्हणजे फार तर पु. लं.चं ‘पूर्वरंग’, नाहीतर चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेली ‘तोत्तोचान’. हिचा जपान डोरेमॉनपासून सुरू झाला आणि आता फार लांब गेला आहे. एका संध्याकाळी मोबाईल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “आत्या, ही बघ. पोरीला पोरगा म्हणून वाढिवलंय.” पडद्यावर सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, लष्करी पोशाखातली एक व्यक्ती होती. पुरुष की बाई ते कळू नये अशी, आणि दोन्हीपैकी काहीही असती तरी देखणीच. तिच्यामागे गुलाब उमलत होते.

ती ऑस्कर. रियोको इकेदा यांच्या ‘बेरुसाईयु नो बारा’ या चित्रकथेची नायिका. नावाचा अर्थ व्हर्सायचा गुलाब. 1972 च्या वसंतात ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या साप्ताहिकात ही गोष्ट सुरू झाली आणि 1973 मध्ये संपली. इकेदा तेव्हा चोविशी-पंचविशीच्या होत्या. तत्त्वज्ञान शिकायला विद्यापीठात गेलेल्या, डाव्या चळवळीत उतरलेल्या, घर सोडून स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या. श्टेफान झ्वाइगने लिहिलेलं मारी आंत्वानेतचं चरित्र त्यांनी वाचलं होतं आणि फ्रेंच राज्यक्रांतीची गोष्ट मुलींना सांगायची त्यांनी मनावर घेतली होती. इतिहास बायकापोरांना रुचत नाही, असं संपादकांचं मत. ते मत पुढच्या काही महिन्यांत पोरींनीच मोडीत काढलं.

गोष्ट थोडक्यात अशी. सेनापती जार्जाये यांना सगळ्या मुलीच. आणखी एक मुलगी होते तेव्हा बाप वैतागून जाहीर करतो की हिला मी मुलगा म्हणून वाढवीन, आणि तिचं नाव ठेवतो ऑस्कर. ती तलवार शिकते, घोडा शिकते, राजवाड्याच्या पहाऱ्यावर रुजू होते आणि ऑस्ट्रियाहून नवरी म्हणून आलेल्या मारी आंत्वानेतचं रक्षण करते. तिच्या दाईचा नातू आंद्रे लहानपणापासून तिच्या सोबत. तो मनातल्या मनात तिच्यावर जीव टाकतो, आणि तिचा जीव जडतो स्वीडनच्या फेर्सनवर, जो राणीचा आहे. राजवाड्याबाहेर पॅरिसमध्ये पावाला पैसे नाहीत. ऑस्कर ते बघते. शेवटी राजवाड्याची चाकरी सोडून ती साध्या शिपायांच्या पलटणीची प्रमुख होते, आणि जुलै 1789 मध्ये, जमावावर बंदुका रोखायचा हुकूम असताना, सरदारकी सोडून पलटणीसकट जमावाच्या बाजूला जाते. बॅस्तियचा तुरुंग पडतो त्या दिवशी ती गोळ्या लागून मरते. आंद्रे आदल्या दिवशीच गेलेला असतो.

सुरुवातीला नायिका मारी आंत्वानेत होती, ऑस्कर बाजूचं पात्र. वाचणाऱ्या मुलींनी पत्रं पाठवून पाठवून तिला मध्यभागी आणून बसवली. यात मला फार मोठी गोष्ट दिसते. त्या मुलींना राणीचे झगे आणि हिरे दाखवले होते, आणि त्यांनी बोट ठेवलं ते राणीच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरणीवर.

आता आमच्याकडचं बघू. सेनापती जार्जाये माढा तालुक्यात मला गल्लोगल्ली भेटले आहेत. मुलगी दहावीला चांगले गुण घेते, ट्रॅक्टर चालवते, बापाच्या आजारपणात ऊस कारखान्याला घालून येते; आणि बाप पारावर अभिमानाने सांगतो, “ही माझी मुलगी नाही हो, मुलगाच आहे.” त्याच्या मायेत खोट नसते. पण मायेची नोंद होते ती मुलाच्या खात्यावर. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये जिल्हा परिषदेने ‘नकुसा’ नावाच्या मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली. दुसरी-तिसरी मुलगी झाली म्हणून नकोशी, आणि कर्तबगार निघाली तर मुलगा. दोन्ही टोकांच्या मध्ये निव्वळ मुलगी असायला जागाच राहत नाही.

इकेदांनी त्याच जागेवर चित्रकथा उभी केली आहे. जार्जायेला वाटत असतं की आपण मुलगा घडवला. घडते ती एक माणूस, जी बापाच्या राजनिष्ठेवरच पाणी सोडते. भाचीला मी विचारलं, ऑस्करला मुलगा व्हायचं असतं का गं? ती म्हणाली, “छे! तिला कुणी हे कर, ते कर म्हणालेलं चालत नाय.” माझ्या बी.एड.च्या पुस्तकांत व्यक्तिमत्त्वविकासावर कितीतरी पानं आहेत. इतकं नेमकं त्यांत काही नाही.

आणि मग मी आमच्या राण्या पुन्हा आठवून पाहिल्या. चांदबीबीने नगरचा तट लढवला तो बहादूर नावाच्या बाल वारसासाठी. ताराराणीने औरंगजेबाला झुंजवलं ते आपल्या लहान शिवाजीला गादीवर बसवून. झाशीच्या राणीच्या पाठीवर दामोदर बांधलेला असतो, चित्रकार त्याला कधी विसरत नाही. या बायकांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. ताराराणीइतकी राजकारणी बुद्धी त्या काळात किती पुरुषांकडे होती ते इतिहासाला ठाऊक आहे. पण आपण त्यांची गोष्ट मुलींना सांगतो तेव्हा तलवारीच्या एका टोकाला कायम एक मूल असतं, बहुधा मुलगा. गादी रिकामी आहे, वारस लहान आहे, म्हणून तोवर बाईने तलवार धरायची. देवी असेल तर प्रश्नच मिटला, ती जगाची आई. एकटी, बिनलग्नाची, पोटी मूल नसलेली, स्वतःला पटलं म्हणून पक्ष बदलणारी बाई आमच्या चित्रकथेत मला सापडली नाही.

जपानात तरी ती एकाएकी कुठून आली? तिचीही एक आजी आहे. ओसामू तेझुका हे जपानी चित्रकथेचं मोठं नाव. त्यांनी 1953 मध्ये ‘शोजो क्लब’ या मुलींच्या मासिकात ‘रिबोन नो किशी’ सुरू केली. सफायर नावाच्या राजकन्येला जन्माआधीच स्वर्गातल्या एका खोडकर देवदूतामुळे मुलीच्या हृदयाबरोबर मुलाचंही हृदय मिळतं. राज्याला पुरुष वारस लागतो, म्हणून ती दिवसा राजपुत्र बनून तलवार खेळते आणि चोरून झगा घालते. 1967 मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. आणि सफायर तेझुकांना सुचली कुठून, याचं उत्तर एका गावात आहे. ते लहानाचे मोठे झाले ताकाराझुकामध्ये, आणि आईबरोबर तिथल्या नाटकांना जात. त्या नाटकांत पुरुषांच्या भूमिका मुलीच करतात.

ताकाराझुकाची कुळकथा कुर्डुवाडीच्या माणसाला लगेच कळेल, कारण ती रेल्वेची आहे. इचिझो कोबायाशी हे रेल्वे कंपनी चालवणारे गृहस्थ. त्यांची गाडी जिथे संपते ते ताकाराझुका गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथवर माणसं यावीत, तिकिटं खपावीत, म्हणून 1913 मध्ये त्यांनी मुलींचं गाण्या-नाचण्याचं पथक उभं केलं आणि पुढच्या वर्षी बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर रंगमंच बांधून पहिला खेळ लावला. आमच्या बार्शी लाइट रेल्वेला असली काही खटपट करावी लागली नाही. तिला पंढरीचा विठोबाच प्रवासी पुरवत होता.

1913 हे वर्ष मराठी माणसाने जरा थांबून पाहावं असं आहे. त्याच वर्षी बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुरुषाने साकारलेल्या स्त्रीच्या नऊवारीची, दागिन्यांची, अंबाड्याची नक्कल खऱ्या बायका करू लागल्या. त्याच वर्षी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्यात तारामती झाले अण्णा साळुंके. आणि त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमळाबाई पडद्यावर आल्या. या कमळाबाई, पुढे गोखले झालेल्या, रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही करत. म्हणजे पुरुषवेषातली नटी आपल्याकडेही होती. तिचं पुढे घराणं झालं नाही, एवढंच.

ते का झालं नाही, याचा विचार करताना मला आमच्याच तालुक्यातलं मोडनिंब आठवतं. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव लावणीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखलं जातं. तिथल्या बायकांच्या गळ्यात आणि पायांत जे आहे ते ताकाराझुकाच्या शाळेत शिकवून येणार नाही. पण समोर बसलेला, पैसे देणारा आणि ‘वन्समोअर’ म्हणणारा पुरुष असतो. ताकाराझुकात समोर बायका असतात. आया, लेकी, नोकरदार मुली, आज्या. रंगमंचावरचा पुरुष बाईनेच रंगवलेला असतो आणि बाईलाच आवडेल असा रंगवलेला असतो. तिकीट ज्याच्या खिशातून जातं त्याच्या मनासारखी गोष्ट होते, हा बाजारातला साधा नियम कलेलाही सुटत नाही. ‘मार्गारेट’ साप्ताहिक पोरी स्वतःच्या खाऊच्या पैशातून घेत. म्हणून त्यांच्या पत्रांनी नायिका बदलली.

त्यामुळे 1974 मध्ये ऑस्कर ताकाराझुकाच्या रंगमंचावर गेली ते माहेरीच गेल्यासारखं झालं. प्रेक्षक ओसरत चाललेल्या त्या संस्थेला या एका नाटकाने पुन्हा उभं केलं. यातला एक तपशील मला सगळ्यांत प्रिय आहे. त्या पहिल्या प्रयोगाचं दिग्दर्शन केलं काझुओ हासेगावा यांनी. ते चित्रपटातले बडे नट, पण मुळात काबुकीच्या तालमीत तयार झालेले आणि स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले. बाई कशी उभी करायची हे आयुष्यभर अंगात मुरवलेल्या पुरुषाने, पुरुष झालेल्या मुलींना, पुरुष म्हणून वाढलेल्या मुलीची गोष्ट बसवून दिली. मान किती वळवली की डोळ्यात दिवा चमकेल, हे त्यांनी शिकवलं. बालगंधर्वांनी कमळाबाईंना तालीम द्यावी, असा हा योग.

पुढची रूपांतरं एकामागून एक लावून पाहिली की प्रत्येक माध्यमाला आणि प्रत्येक काळाला ऑस्करमधलं काय पेलतं आणि काय पेलत नाही ते दिसतं. रंगमंचाने प्रेम वर काढलं. ऑस्कर आणि आंद्रे यांची जोडी तिथे इतकी मोठी झाली की क्रांती मागच्या पडद्यावर गेली. 1979 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाक दमी यांनी जपानी पैशाने ‘लेडी ऑस्कर’ हा चित्रपट काढला. खरंखुरं व्हर्साय, माणसं इंग्रजी बोलणारी. त्यात ऑस्कर मरत नाही. बॅस्तिय पडल्याच्या जल्लोषात ती गर्दीत आंद्रेला हाका मारत फिरत राहते. चित्रकथेतल्या ऑस्करला मरताना आपण काय केलं हे पक्कं ठाऊक असतं. चित्रपटातल्या ऑस्करच्या वाट्याला फक्त हरवलेला माणूस येतो. दमींचं व्हर्साय खरं आहे आणि ऑस्कर अर्धी.

त्याच वर्षी सुरू झालेली 40 भागांची दूरचित्रवाणी मालिका मला सगळ्यांत सरस वाटते. आधी तादाओ नागाहामा आणि मग ओसामू देझाकी अशा दोघांनी ती दिग्दर्शित केली, आणि हात बदलल्याचं अडाण्यालाही कळतं. पहिल्या भागांत दरबारी कारस्थानं आणि चमचमाट. देझाकींच्या भागांत सावल्या लांब होतात, पाऊस पडत राहतो, पॅरिसची माणसं भुकेली दिसतात. ही मालिका फ्रान्स-इटलीच्या घराघरांत गेली. फ्रेंच मुलं आपल्याच क्रांतीची गोष्ट जपानी बाईकडून शिकली, आणि 2009 मध्ये फ्रान्सने इकेदांना ‘लेजियों दॉनर’ हा आपला किताब दिला. तोवर इकेदांनी स्वतःचंही एक रूपांतर करून टाकलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या टोकियोच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाल्या आणि गायिका झाल्या. आमच्याकडे सत्तेचाळिशीच्या बाईला भजनी मंडळात पेटीपाशी जागा मिळाली तरी ‘आता या वयात?’ विचारतात.

2025 मध्ये नवा चित्रपट आला, मापा या स्टुडिओचा, आई योशिमुरा यांनी दिग्दर्शित केलेला. भाचीने मला दाखवला तो हाच. रंग डोळे दिपवणारे, गाणी पुष्कळ, आणि वीस वर्षांची कथा दोन तासांच्या आत बसवताना कितीतरी माणसं गळाली. उपाशी पॅरिस तर धावत्या गाडीतून दिसावं इतकंच दिसतं. पण ऑस्कर पदकं उतरवते तो क्षण यांनी सोडला नाही. बाकी सगळं जाऊ दे, तेवढा क्षण राहिला की ती गोष्ट जिवंत राहते. तो गेला तर उरतो फक्त सुंदर गणवेश.

ज्या गणवेशाने मोठमोठ्या रसिकांना भुरळ घातली त्याचा एक स्वस्तातला अवतार मीही घातला आहे. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही पोरींनी पोवाड्यावर नाच बसवला होता. मावळे आम्हीच. धोतर मोठ्या भावांचं, शेला आईच्या जुन्या साडीचा, मिशा काजळाच्या. तोंडावर घामाने मिशी पसरली तरी टाळ्या पडत होत्या. रंगमंचावर पाय रोवून उभं राहिल्यावर आवाज खालून, पोटातून आला. तो माझ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. खाली उतरल्यावर एक जवळच्या नात्यातले गृहस्थ म्हणाले, “झालं ना आता? तोंड धू.” तोंड मी धुतलं. आवाज कुठे ठेवायचा ते मात्र कुणी सांगितलं नाही, आणि मुलींनी त्याचं काय केलं हे सांगणारं एकही पुस्तक तेव्हा हाताशी नव्हतं. गोट्या होता, फास्टर फेणे होता, आणि मी दोघांवरही जीव लावला होता. फास्टर फेणेही मालिकेतून, मग 2017 च्या चित्रपटातून नव्या पोरांपर्यंत पोचला. तसं पोचणारी मुलगी मात्र आठवावी लागते.

माझ्या तालुक्यात गोष्टी बदलत नाहीत असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. परितेवाडी माढा तालुक्यातच आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 3 डिसेंबर 2020 रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यांनी धडा मोबाईलवर आणला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. मुलींची हजेरी पूर्ण झाली आणि गावात कोवळ्या वयातली लग्नं थांबली, हे पुरस्कार देणाऱ्यांनी आवर्जून सांगितलं. अभ्यासासाठी म्हणून मुलीच्या हातात मोबाईल आला, की ती अभ्यासानंतर काय बघणार? जगातलं उत्तमही बघणार आणि टुकारही. त्यात ऑस्कर भेटली तर मी तिला अडवणार नाही.

पण तिला व्हर्सायला जावं लागतं, याची मला खंत आहे. आपल्याकडे सामग्री काय कमी आहे? हुंड्याच्या यादीत किल्ल्याशेजारी नाव लागलेली चांदबीबी आहे. तिची गोष्ट खिंडारापासून सुरू न करता त्या यादीपासून सुरू करा, आणि शेवट झाकू नका. 1600 मध्ये तिला मारलं ते मुघलांनी नाही, तिच्याच माणसांनी. कमळाबाई आहेत, सिनेमाच्या पहिल्या वर्षात पडद्यावर आलेली आणि नंतर मिशा लावून रंगमंच गाजवणारी मुलगी. मोडनिंबच्या फडावर वाढून कॉलेजात जाणारी एखादी पोर आहे, जिला ढोलकीचा तोडा आणि अकाउंटन्सी दोन्ही येतं. फक्त यांतल्या कुणालाही आदर्श माता करू नका, आणि मुलगाही करू नका.

मराठी प्रकाशकांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि चांगली चित्रं काढणाऱ्या पोरींना माझं एवढंच सांगणं आहे. नववीतल्या मुलीला गिऱ्हाईक समजा. तिच्यासाठी दर महिन्याला एक चित्रकथा काढा, तिला परवडेल अशी किंमत ठेवा, एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलपर्यंत ती पोचवा आणि तिची पत्रं वाचा. नायिका कोण करायची ते तीच सांगेल.